पडणार की नाही, एवढंच सांग

ताई हवामान खात्यात होती, आणि घरच्यांनी त्याची पुरेपूर किंमत तिच्याकडून वसूल केली होती. कुणाच्या गाद्या गच्चीवर भिजल्या की फोन तिला, कुणाची सहल बुडाली की टोमणा तिला. मावसभावाच्या लग्नात मांडवात पाणी शिरलं, तेव्हा सगळे पाहुणे तिच्याकडे असे बघत होते, जणू नळ तिनेच सोडला होता.

पण सगळ्यांत चिवट होता तो तिचा धाकटा भाऊ. तो घरं बांधायचा. अंगाने दाराएवढा झाला होता, तरी ताईच्या तोंडी अजून ‘छोट्या’च. त्याचा फोन आला की तिला कळायचं, कुठेतरी स्लॅब टाकायचा आहे.

“ताई, शुक्रवारी पाऊस आहे का गं?”

“दुपारनंतर चाळीस टक्के शक्यता आहे.”

“म्हणजे पडणार की नाही?”

“चाळीस टक्के.”

“ते कळलं. पण पडणार का?”

“छोट्या, अशा दहा दुपारी घेतल्या तर चारांत पडेल, सहांत नाही.”

“दहा काय करू? मला एकच हवी आहे. तीस कर ना.”

“मी भाजी विकायला बसले आहे का?”

“बरं, राहू दे. पस्तीस.”

काम दातांच्या एका डॉक्टरांचं होतं. खाली दवाखाना चालू होता आणि वर राहायला मजला चढत होता. काँक्रीटच्या गाड्या आणि पंप शुक्रवारचे मिळाले होते. तो दिवस सोडला तर पुन्हा नंबर कधी लागेल याचा भरवसा नव्हता. डॉक्टर तर रोज दोन रुग्णांच्या मधे वर येऊन विचारून जायचे, “अजून एवढंच?”

ताईने परोपरीने समजावलं. सकाळी लवकर सुरू कर, पाऊस आलाच तर कुठे थांबायचं ते आधी ठरव, झाकायला ताडपत्र्या आणून ठेव. नाहीतर सरळ पुढे ढकल.

“मी पाऊस विचारला होता, बांधकाम नव्हतं विचारलं,” छोट्या म्हणाला, आणि त्याने हुकमाचं पान टाकलं. फोन आईच्या हातात दिला.

“अगं, एवढी शिकलीस,” आई म्हणाली, “आणि सख्ख्या भावाला एक सरळ शब्द सांगता येत नाही?”

इकडे गॅसवर दूध वर येत होतं. ताईने एका हाताने पातेलं उचललं, तिला चटका बसला, आणि तोंडून निघून गेलं, “नाही पडणार, जा!”

आख्ख्या नोकरीत टक्के न लावता तिने असं वाक्य उच्चारलं नव्हतं. फोन ठेवला आणि तिची भूकच मेली. नवऱ्याला सांगितलं, तर तो पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. शुक्रवारी छत्री नेत नाही.”

शुक्रवारी सकाळी उठल्याउठल्या तिने नवा अंदाज पाहिला. आकडा वर सरकला होता. तिने रजा टाकली, ओळखीच्या मांडववाल्याला गाठलं, आणि त्याच्याकडे होत्या नव्हत्या तेवढ्या ताडपत्र्या टेंपोत भरून भावाच्या साइटवर जाऊन उभी राहिली.

छोट्या वरून वाकून बघतच राहिला. “अगं, तू तर नाही म्हणाली होतीस!”

“ते तुझी बहीण म्हणाली होती. आता हवामान खातं बोलतंय. वर घे या.”

चारचौघांत बहिणीशी वाद नको म्हणून त्याने ताडपत्र्या वर घेतल्या. पण एकदा घेतल्यावर मात्र त्याने कामात कुचराई केली नाही. कुठे थांबलं तर चालतं हे त्याला नीट ठाऊक होतं. त्याने खडूने रेघ मारली, तिथे आडवी फळी ठोकायची तयारी ठेवली, आणि ताडपत्र्या काँक्रीटला चिकटू नयेत म्हणून खाली धरायला पाइप आणवले. सगळं झाल्यावर ताईकडे वळून म्हणाला, “येतं मला हे. फक्त करायचं जिवावर येतं.”

काम सुरू झालं आणि ताईची पंचाईत झाली. ती कोण आहे आणि तिने चाळीस टक्के सांगितले होते, हे साइटभर कळलं होतं. पंपवाल्याने गाडी आज धुऊ की उद्या, ते विचारून घेतलं. मुकादमाचं तर आभाळाकडे लक्षच नव्हतं, तो ताईकडे डोळे लावून बसला होता. तिने मान वर केली की त्याचा हात थांबायचा. म्हणून ती बिचारी खाली फरशीकडे बघत बसली. एकदा शिंक येईल म्हणून तिने डोकं मागे नेलं, तर पंपच थांबवला गेला.

दुपारी वारा एकाएकी पडला. मग थंड झुळूक आली. छोट्या चिखलाचे बूट आपटत तिच्यापाशी आला. या वेळी त्याच्या आवाजात घासाघीस नव्हती.

“ताई, आता किती?”

“आता टक्के संपले. झाक.”

“बंद करा रे!” तो ओरडला. फळी ठोकली गेली, पाइप आडवे पडले, आणि ताडपत्र्या ओढेपर्यंत टपोरे थेंब आलेच. वाऱ्याने ताडपत्र्या फुगायला लागल्या. दोऱ्या अपुऱ्या पडल्या, तसे ज्याच्या हाताला जो कोपरा लागला तो त्याने धरला. दवाखान्यातून धावत वर आलेल्या डॉक्टरांच्या हातातही एक कोपरा आला. पांढऱ्या कोटासकट ते चिंब भिजत उभे होते.

“मॅडम,” त्यांनी ओरडून विचारलं, “हा पाऊस तुमच्या चाळीसमधला, की साठमधला?”

“चाळीसमधला!”

“मग साठ कुठे गेले?”

“हात सोडू नका, डॉक्टर!”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खाली अर्धवट कोरलेल्या दाढेसह खुर्चीत बसवून ठेवलेला रुग्ण फोन करत होता. डॉक्टरांनी सवयीने फोन उचलला, ताडपत्री फडकन उडाली, आणि परत पकडेपर्यंत तेवढा कोपरा पावसाने टोचून काढला.

पाऊस आला तसा गेला. झाकण काढलं, तर बाकीचा स्लॅब शाबूत होता. डॉक्टर मात्र त्या खड्ड्याखड्ड्यांच्या कोपऱ्यापाशी अपराध्यासारखे उभे. “हे... भरता येईल का हो?”

“येईल की,” छोट्या म्हणाला. “अजून ओलंच आहे. गुळगुळीत करून देतो. दुखणार पण नाही.”

रात्री जेवताना भांडण झालंच. “तू नाही म्हणालीस आणि पडला,” छोट्या म्हणे. “मी चाळीस म्हटलं होतं, ते तू ऐकलं नाहीस,” ताई म्हणे. आईने दोघांना वाढता वाढता निकाल दिला, “मला तर आधीच वाटत होतं, पडणार म्हणून.”

त्या दिवसापासून ताईने घरी पाऊस बंद केला. विचारायचं असेल तर ऑफिसच्या नंबरवर, सगळे विचारतात तसं विचारा. छोट्या आठवडाभर फुरंगटला. मग एका सकाळी ताईच्या टेबलावरचा फोन वाजला.

“नमस्कार. मी एक बांधकाम व्यावसायिक बोलतोय. उरलेल्या स्लॅबसाठी बुधवारचा अंदाज हवा होता.”

आवाज ओळखून ताईने ओठ दाबले. “नमस्कार. बुधवारी साठ टक्के शक्यता आहे. गुरुवारी दहा.”

“बरं. मग गुरुवारी टाकतो. धन्यवाद, मॅडम.”

फोन बंद. ‘पन्नास कर’ नाही, ‘आईला देतो’ नाही. ताई रिसीव्हरकडे बघतच राहिली. आपल्या शब्दावर कुणीतरी मुकाट्याने काम पुढे ढकललं, या विचाराने तिने बुधवारचे सगळे नकाशे पुन्हा उघडून पहिल्यापासून तपासले.

बुधवारी लख्ख ऊन पडलं. दिवसभर ताई फोनला घाबरून होती. संध्याकाळी तो वाजलाच.

“मॅडम,” पलीकडून छोट्या म्हणाला, “आज चाळीसवाला दिवस निघाला वाटतं. हरकत नाही, उद्या टाकतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आई बाजूलाच आहे गं, मी कुणाशी बोलतोय ते तिला ठाऊक नाही. म्हणते, खात्यातल्या बाईंना कुणी जरा बदलून टाका.”