ओडेगार म्हणजे

"टॉर्स्टाइन आजोबा, आपल्या गावाचं नाव म्हणजे शिवी आहे का हो?"

ब्रिटाने एका दमात विचारून टाकलं. चर्चच्या तळघराच्या जिन्यावर मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. म्हातारा अंगावर धावून येईल, अशी त्यांची पैज होती. आजोबांनी तव्यावरची लेफ्सा, बटाट्याची पातळ पोळी, लांब काठीने उलटली, इतकंच.

"शिवी कोण म्हणतं?"

"पलीकडच्या गावची पोरं. ओडेगार, ओडेगार करून चिडवतात."

"शिवी नाही. नॉर्वेजियनमध्ये ओडेगार म्हणजे ओसाड वाडी."

"म्हणजे रिकामी जमीन! हे तर माझंच वाक्य!"

रविवारी गावाच्या शंभरीचं नाटक होतं आणि नॉर्वेहून अमेरिकेत या माळावर आलेल्या पहिल्या बाईची, गुनहिल्डची, भूमिका ब्रिटा करणार होती. अख्ख्या शाळेतून तिलाच निवडलं होतं. तिने तिथेच, पिठाच्या टेबलापाशी, हात पसरले.

"इथे कोणीच नव्हतं! फक्त गवत आणि देव!"

जिन्यावरून टाळ्या पडल्या.

"रिकामी नव्हे गं पोरी. जिथे कधी कोणी नव्हतंच, ते रान. माणसं होती आणि गेली, ती जागा ओडेगार. मरीने गेली काय, मारून घालवली काय, शब्द एकच. गुनहिल्डने डोळ्यांनी पाहिलं तेच नाव ठेवलं."

"काय पाहिलं?"

"इथल्या मूळ रहिवाशांची, डाकोटांची वस्ती. लष्कराने त्यांना हाकलून वर्षही झालं नव्हतं. त्यांनी पुरून ठेवलेल्या मक्यावर आपल्या लोकांनी पहिला हिवाळा काढला."

जिन्यावर आता कोणी हसत नव्हतं. आजोबांनी पुढे केलेली लेफ्सा ब्रिटाच्या हातातच निवली.

घरी आई नाटकाच्या झग्याला काठ लावत होती. ब्रिटाने धापा टाकत सगळं सांगितलं, मोठा शोध लावल्यासारखं. बाबा शंभरी समितीचे अध्यक्ष. ते कॉफी ढवळत राहिले.

"मक्याचे खड्डे ना? आपल्या ओढ्याकडच्या शेतात आहेत अजून. नांगर रुततो तिथे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, बाळा," आईने दाताने दोरा तोडला. "म्हणून तर 'इथे कोणीच नव्हतं' हे वाक्य घातलंय, ऐकायला बरं वाटतं. ये, लांबी बघू दे."

ब्रिटा जागची हलली नाही. गाल तापले होते, पण आवाज तिला वाटलं होतं त्याहून शांत निघाला.

"आई, बाबा, रविवारी मी स्टेजवर उभी राहणार. ते वाक्य आलं की मात्र गप्प राहणार. पहिल्या रांगेतून ते तुम्ही दोघांनी म्हणा."