मधला घ्यायचा राहिला

पाच रेल्वे कंपन्या मोडून एकच राष्ट्रीय रेल्वे करायची असं सरकारने ठरवलं, त्याला आठ महिने झाले होते. इंजिनं एकत्र आली, वेळापत्रकं एकत्र आली, पाची कंपन्यांची भांडणंसुद्धा गुण्यागोविंदाने एकत्र आली. घोडं अडलं ते नावाशी. नामसमितीत नऊ माणसं होती आणि नवांची तोंडं नऊ दिशांना होती. दर बुधवारी बैठक बसायची, बिस्किटं संपायची आणि पुढचा बुधवार ठरायचा.

मला त्या समितीचा इतका राग का यायचा ते सांगतो. मी घोषणा-विभागातला तंत्रज्ञ आहे. स्टेशनावर तुम्ही जो आवाज ऐकता, तो तुकड्यातुकड्यांनी जोडायचं काम माझं. आवाज वहिनींचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचा. बावीस वर्षांत त्यांनी साडेआठशे स्टेशनांची नावं, सगळे आकडे आणि उशिराची सगळी कारणं माझ्यासमोर बसून म्हटली. मी त्यांना वहिनी म्हणतो म्हणून अख्खं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणतं, थेट संचालकसाहेबांपर्यंत.

त्या वहिनींच्या घशाचं ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी होतं. गाठ होती, काढावीच लागणार होती. आवाज परत येईल का, असं दादाने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, निम्मं निम्मं धरा. आणि इकडे नव्या रेल्वेची प्रत्येक घोषणा तिच्या नावाने सुरू होणार होती. एका घोषणेत दोन आवाज चालत नाहीत. म्हणजे नाव वहिनींच्या आवाजात मिळालं नाही, तर त्यांचं बावीस वर्षांचं सगळं पुसून दुसऱ्या बाईंचा आवाज भरायचा, असा साहेबांचा लेखी हुकूम होता.

वहिनींनी तो वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मला म्हणाल्या, "घरातला आवाज गेला तर जाऊ दे. स्टेशनावरचा तरी राहू दे, भावोजी."

बुधवारी दुपारपर्यंत नाव ठरणार होतं. ठरलं नाही. मी समितीच्या दाराबाहेर दोन तास उभा राहिलो, मग आत घुसलो आणि हातापाया पडून त्यांच्याकडून सात नावांची यादी काढली. यातलंच एक होईल, असं अध्यक्षांनी सांगितलं. यादी घेऊन मी जिन्यावरून धावत खाली आलो.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही प्रत्येक शब्द दोनदा घेतो. एकदा 'मधला', म्हणजे पुढे अजून काही यायचं आहे असा वर उचललेला. एकदा 'शेवटचा', म्हणजे वाक्य संपल्यासारखा खाली उतरलेला. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि कुणी विसरलं तर त्याची खरडपट्टी काढतो.

त्या दुपारी वहिनींचा घसा प्रत्येक शब्दाला दुखत होता. दादा काचेपलीकडे कोमट पाण्याचा थर्मास घट्ट धरून बसला होता आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मी यादी वाचायला दिली. वहिनींनी एकेक नाव म्हटलं, शांत, स्वच्छ. सातवं झाल्यावर खोकल्याची उबळ आली, दादा आत धावला आणि त्यांना घेऊन गेला. मी सुटकेचा नि:श्वास टाकला.

गाठ निघाली. वहिनी वाचल्या. आवाज मात्र गेला तो गेलाच.

नवव्या दिवशी नाव ठरलं : देशरेल. यादीत चौथं होतं. मी आनंदाने तुकडा शोधला, घोषणेच्या सुरुवातीला जोडला आणि बटण दाबलं. "देशरेल." आवाज खाली उतरला, वाक्य संपलं. मग भलतीकडूनच आल्यासारखं, "आपले स्वागत करते." सातही नावं सुटी वाचून घेतली होती, म्हणजे सातही 'शेवटची' होती. मधला घ्यायचा राहिला होता. पंचवीस वर्षांची नोकरी झालेला मी, आणि नेमका त्याच दिवशी.

यंत्राने स्वर उचलून पाहिला, तर वहिनी बदकासारख्या बोलायला लागल्या. साहेबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, गाडी सुटणार की इथेच बसणार तेच कळत नाही. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्या बाई तयार आहेत. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. दादाला सांगायची हिंमत झाली नाही. गुरुवारी सकाळी मी त्या बुधवारचं ध्वनिमुद्रण पहिल्या सेकंदापासून ऐकायला घेतलं. माझी एक सवय आहे, माणूस खुर्चीत बसला की मशीन सुरू करायचं आणि उठेपर्यंत बंद करायचं नाही. सुरुवातीला खुर्चीची करकर होती, दादाचं पाणी ओतणं होतं. मग दार लागलं. मी तेव्हा वायर ओढायला टेबलाखाली वाकलो होतो आणि माझं लक्षच नव्हतं. वहिनी यादी चाळत हळूच म्हणाल्या होत्या, "देशरेल काय नि लोकरेल काय, भावोजी, मला फार भीती वाटतेय."

पहिलाच शब्द. वर उचललेला, पुढे अजून काही यायचं आहे असा. मी तो कापून घेतला आणि टेबलावर डोकं ठेवून रडलो. त्यांनी मला हाक मारली होती आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही तिघं फलाटावर उभे होतो. "देशरेल आपले स्वागत करते." अगदी सलग. दादाने मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं आणि नंतर बराच वेळ बुटांकडे. वहिनींनी मात्र पर्समधून वही काढली. त्यांच्या कानाला कोण फसवणार? त्यांनी लिहिलं, 'हा मधला कधी घेतला?'

मी सांगितलं, यादी चाळताना बोललात त्यातला. त्यांनी दादाकडे एकदा पाहिलं आणि वही माझ्याकडे वळवून लिहिलं, 'पुढचं पुसलंत ना?'

मी हो म्हणालो.

पुसलेलं नाही. माझ्या खणात आहे. वहिनींचे अकरा हजार तुकडे मी सांभाळतो. त्यांत गाड्या आहेत, फलाट आहेत, दिलगिरी आहे. 'मला' हा शब्द तेवढ्या एकाच तुकड्यात आहे.