निळ्या बॅगेने ऐकलेली हाक

मी एक जुनी निळी बॅग आहे. मला चाकं दोन, त्यातलं डावं अर्धं झिजलेलं. मूठ एक, तीही हलते. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेन एवढंच माझं माप. मित्रांनो, माझी गोष्ट मोठी नाही, पण त्या प्रवासाची आठवण झाली की अजूनही माझं अस्तर थरथरतं. जरा जवळ बसा, म्हणजे सांगते.

समुद्रकाठच्या एका कारखान्यात मला शिवलं. जिने माझी चेन बसवली त्या बाईने रनर तीनदा पुढेमागे सरकवून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. मग जहाज, मग ट्रक, मग कॅनडातल्या विनिपेगमधलं एक दुकान, आणि तिथून मला निंगनिंगने घरी नेलं.

निंगनिंग हे तिचं हाक मारायचं नाव. ती फिलिपिन्समधल्या मिंडोरो बेटावरची. विनिपेगच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना न्हाऊमाखू घालायचं तिचं काम. तिथल्या बिल्ल्यावरही 'निंग' एवढंच लिहिलेलं. माझ्या मुठीला तिने पत्त्याची चिठ्ठी बांधली तेव्हा मात्र जुन्या कागदावरून सगळं नाव उतरवलं: मा. रेमिहिया मालाबुयोक. तिच्या देशात घरोघरी एक तरी मारिया असते, म्हणून पूर्ण 'मारिया' लिहायचा कंटाळा करतात आणि नुसतं 'मा.' लिहून मोकळे होतात. हे 'मा.' लक्षात ठेवा हं.

सुरुवातीची वर्षं माझी फार सुखाची गेली. दोनदा तिच्यासोबत गावी जाऊन आले. परतल्यावर ती मला ओल्या फडक्याने पुसायची. माझ्या आतल्या खिशात कायम एक वही असे. तिच्या आईच्या, नानाय सेपाच्या हातची.

त्या वहीची हकिकत अशी. निंगनिंग अकरा महिन्यांची असताना तापाने फणफणली. वैद्य झाले, झाडपाला झाला. शेवटी नानायने मारियामातेला नवस बोलला, की पोर वाचू दे, दरवर्षी माझ्या अंगणात पबासा होईल. पबासा म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात येशूच्या दुःखभोगाची कथा पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गाऊन वाचायची. गाणारे बदलतात, सूर थांबत नाही. मी दोनदा ती ऐकली आहे. नुसती सांगितलेली कथा माणूस उंबऱ्यावर ठेवून जातो. गायलेली कथा घरात येते, पाणी मागते, मुक्काम करते. मी कापडाची वस्तू, तरी माझ्या आत ती अजून मुक्कामाला आहे.

प्रत्येक घराची चाल वेगळी. पहिली बारा कडवी त्या घरच्या बाईने, त्या घरच्याच चालीत गायची. नानाय सेपाने सेहेचाळीस वर्षं ती गायली. तिला सगळं पाठ; कडवी आणि चालीच्या खुणा तिने लेकीसाठी त्या वहीत उतरवल्या होत्या.

मग निंगनिंगला सुट्ट्या मिळेनाशा झाल्या. मी तळघरात गेले. सहा हिवाळे माझ्या डोक्यावर घरातल्या सगळ्यांचे बर्फातले बूट ठेवलेले. विनिपेगच्या रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते बुटांना लागून घरात येई आणि थेंबाथेंबाने माझ्या चेनीवर ठिबके. रनर गंजला.

यंदा मार्चमध्ये फोन आला. तिच्या धाकट्या भावाचा, एफ्रेनचा. निंगनिंग तळघरात कपडे वाळत घालत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. नानायला अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, वाचा गेली.

"आते, बुधवारी चार वाजता पबासा सुरू करायचाय," एफ्रेन म्हणाला. त्यांच्यात थोरल्या बहिणीला आते म्हणतात. "पहिली कडवी कोण म्हणणार? माझा आवाज तुला माहितीये. मागच्या वर्षी मी गायला लागलो तर शेजाऱ्यांचं डुक्कर दावं तोडून पळालं."

"थट्टा सुचतेय तुला! नानाय काय म्हणते?"

"काय म्हणणार? दिवसभर 'मा… मा…' एवढंच. आम्हाला वाटतं, तिच्या आईला बोलावतेय. म्हातारपणी आईच आठवते म्हणतात."

निंगनिंग तशीच खाली बसली, ओल्या कपड्यांवरच. "मी येते," ती म्हणाली. "नवस माझ्या जिवाचा होता. तो माझ्याच पायी मोडला तर कुठे तोंड दाखवू?"

विनिपेगहून व्हँकुव्हर, तिथून कोरियातलं सोल, सोलहून मनिला, मनिलाहून मिंडोरोतलं सान होसे. चार विमानं. उशिरा काढलेलं तिकीट, त्यामुळे प्रत्येक विमानात शेवटच्या रांगांमधली मधली खुर्ची. सोमवारी सकाळी निघायचं आणि बुधवारी दुपारी पोचायचं. मध्ये एक जरी विमान चुकलं, तरी बुधवार हातचा गेला.

मला घाईघाईने बाहेर काढलं, बुटांची माती झटकली आणि माझ्यात सगळं कोंबलं. गावाकडे रिकाम्या हाताने जाणं त्यांना ठाऊकच नाही. चॉकलेटं, मटणाचे डबे, साबण, मावशीसाठी गुडघ्याचं मलम. वही नेहमीच्या खिशात, सगळ्यात खाली. निंगनिंग माझ्यावर बसली, तेव्हा कुठे चेन लागली. रनर कुरकुरला, तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

विनिपेगला विमान जागचं हलेना. पंखांवर बर्फ साचलेला. गाड्या येऊन औषधाचं पाणी मारत, तोवर पुन्हा बर्फ. मी पुढच्या खुर्चीखाली तिच्या पायांत दाबलेली. एक तास, दोन तास, तीन. ती गुडघे आवळून, डोळे मिटून पुटपुटत कडव्यांची उजळणी करत होती. शेजारच्या माणसाने घाबरून विचारलं, "बाई, ओकारी होतेय का तुम्हाला? पिशवी देऊ?"

"नाही हो, गाते आहे."

"अच्छा," तो म्हणाला, पण पिशवी हातात धरूनच बसला.

व्हँकुव्हरला उतरलो तेव्हा सोलच्या विमानाला जेमतेम चाळीस मिनिटं उरली होती. निंगनिंग धावत सुटली. माझं डावं चाक खडखडत होतं. लोक वळून बघत होते. दाराशी पोचलो तर माणसं आत सोडणं सुरू झालेलं, पण आमच्या गटाची पाळी यायची होती. "देवा, पोचले रे," म्हणत ती धपकन बसली. शेजारी पिकल्या केसांची एक फिलिपिनो बाई डबा उघडून भात खात होती. या लोकांचं दोन मिनिटांत नातं जुळतं. ती मानांग पुरिता, म्हणजे पुरिताताई, सोलपर्यंत त्याच विमानाने जाणारी.

"कुठली गं तू? मिंडोरो? अरे वा! खा दोन घास. विमानात ते लोक काय देतात, चिमणीचं खाणं."

तेवढ्यात भोंग्यातून घोषणा झाली. "प्रवासी मा मालाब्युक. मा मालाब्युक यांनी ताबडतोब टेबलापाशी यावं."

मित्रांनो, मी शहारले. ते नाव माझ्या मुठीला लटकत होतं! पण निंगनिंगला जन्मात कुणी 'मा' म्हटलं नव्हतं, आणि आडनावाचा तर चेंदामेंदा झालेला.

दुसऱ्यांदा हाक आली.

"कोण बाई आहे ही," मानांग पुरिता म्हणाली, "सगळ्यांचा खोळंबा करणारी?"

"बसली असेल दुकानांतून अत्तरं हुंगत," निंगनिंग म्हणाली आणि भाताचा घास घेतला.

अगं, ती तूच! किती ओरडावंसं वाटलं मला. पण देवाने बॅगेला तोंड दिलं ते फक्त भरून घ्यायला. तिसऱ्यांदा हाक आली: "मा मालाब्युक, शेवटची सूचना. तुमची जागा रद्द होत आहे." निंगनिंगने दचकून पाय सावरला. तो मला लागला, झिजलेल्या चाकावर माझा तोल गेला आणि मी धाडकन आडवी झाले.

"तुझी बॅग दारू पिऊन आलीये का गं?" मानांग पुरिता मला उचलायला वाकली. चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली. "मा. रेमिहिया मालाबुयोक. अगं भवाने, ती अत्तरं हुंगणारी तूच!"

निंगनिंगच्या हातातला चमचा खाली पडला.

टेबलावरच्या माणसाने तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. तिकिटावर 'मा', नव्या पासपोर्टवर 'मारिया'. विनिपेगला कुणी पाहिलं नव्हतं. "या दोन वेगळ्या बायका आहेत," तो म्हणाला.

"एकच आहे हो! मा म्हणजे मारिया. आमच्याकडे लिहितातच तसं."

"असं कसं लिहितात?"

तेव्हा मागून मानांग पुरिता पुढे झाली आणि आपला जुना पासपोर्ट त्याच्यापुढे आपटला. "हे बघ पोरा. मीसुद्धा मा. पुरिता. आमच्या अर्ध्या देशाला अडवशील तर तुझं विमान रिकामं जाईल." त्याने वरिष्ठाला फोन लावला. तीन मिनिटं गेली. त्या तीन मिनिटांत निंगनिंगने माझी मूठ इतकी आवळली होती की माझी शिवण उसवेल असं वाटलं. शेवटी तो म्हणाला, "जा. पण वरचे कप्पे भरलेत. बॅग खालच्या सामानात टाकावी लागेल."

"थांबा! वही काढून घेते." तिने चेन ओढली. रनर हलला नाही. सहा हिवाळ्यांचं मीठ! तिने जोर लावला, नखं तुटली. मी जीव खाऊन सैल व्हायला बघत होते आणि होत नव्हते. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला एवढी वर्षं सांभाळायला दिलं, तिनेच ऐन वेळी अडवून धरावं?

"बाई, दार बंद करतोय."

निंगनिंगने टेबलावरचं पेन उचललं आणि त्याचं टोक माझ्या चेनीच्या दातांत खुपसलं. टर्रकन मी उघडले. दुखलं, पण असं दुखणं देवाने रोज द्यावं. साबण, डबे बाजूला सारत तिचा हात खाली गेला, वही निघाली आणि तिने ती पोटाशी धरली. त्या माणसाने माझ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली. ती दारातून आत गेली. मी फिरत्या पट्ट्यावरून खाली गेले.

पुढचं मला माहीत नाही, आणि हेच माझं सगळ्यात मोठं दुःख. सोलला कुणीतरी मला चुकीच्या गाडीवर टाकलं. एका खोलीत, माझ्यासारख्याच हरवलेल्या बॅगांत मी पडून राहिले. भिंतीवर घड्याळ होतं. बुधवारचे चार कधी वाजतात ते मी बघत होते. वाजले. पोचली असेल का? मनिलाचं विमान मिळालं असेल? आवाज लागला असेल का तिचा? शुक्रवार गेला, शनिवार गेला. ज्याला विचारावं असं तिथे कुणी नव्हतं. मी त्या कथेतली आठवतील तेवढी कडवी मनात घोळवत राहिले. तेवढाच आधार होता.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एका तीनचाकी गाडीने मला नानायच्या अंगणात उतरवलं. मांडव अजून उभा होता. नानाय सेपा वेताच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर ती वही. पानांवर मेणाचे थेंब. मी पाहत राहिले.

नानायने ओठ हलवले. "मा…"

"पो!" स्वयंपाकघरातून आवाज आला. पो म्हणजे त्यांच्याकडची अदबीची ओ. आवाज असा बसलेला, की निंगनिंगचा असेल असं क्षणभर वाटलंच नाही. ती हात पुसत धावत आली, आईपुढे वाकली, आईचा हात आपल्या कपाळाला लावला.

एफ्रेन माझी चिकटपट्टी सोडवत म्हणाला, "आम्ही येडे, आईला बोलावतेय समजत होतो. आते, तुला कसं गं लगेच कळलं?"

"एरवी मलाही कळलं नसतं," ती त्या घोगऱ्या आवाजात हसली. "व्हँकुव्हरला त्या नावाने तीन हाका आल्या आणि मी भात खात बसले होते. चौथी अंगणात आली, चाराला पाच कमी असताना. म्हटलं, आता तरी ओ द्यावी. नवस बोलताना नानायनेच लावलं होतं ना हे नाव मला. मारिया." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गं? कुठे उंडारत होतीस? तुला रागवायलासुद्धा आवाज उरला नाही माझ्यात!"

एफ्रेनने पबासातल्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा आणला आणि माझ्या चेनीवर वरपासून खालपर्यंत घासला. मग रनर पुढे सरकवला, मागे सरकवला. पेनाने फाकलेले दात पुन्हा एकमेकांत बसले. त्याने मान हलवली, अगदी कारखान्यातल्या त्या बाईसारखी.

मित्रांनो, तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी जुनी बॅग असेल, तिच्यावर बूट ठेवू नका. वर्षातून एकदा तिच्या चेनीवर मेण फिरवा. आणि तुमचं कुणी म्हातारं माणूस अर्ध्याच शब्दात हाक मारत असेल, तर ती दुसऱ्या कुणाला असेल असं समजून बसून राहू नका. उठा, आणि ओ द्या.