भट्टी गार होईपर्यंत

लिंडेनवायलरच्या सार्वजनिक भट्टीची किल्ली वाल्बुर्गा हेफेलेच्या एप्रनच्या खिशात असे आणि गावातल्या प्रत्येक घराची कुंडली तिच्या डोक्यात. कोण ओली लाकडं कोरड्यांखाली दडपून आणतं, कोण आपले पाव भाजून झाल्यावर निखारे बादलीत भरून गुपचूप घरी नेतं, कोणाच्या कणकेत राय धान्याचं पीठ कमी आणि बटाटा जास्त, हे सगळं ती न विचारता सांगत असे. विचारलं तर जरा जास्तच.

भट्टीघर म्हणजे चर्चच्या मागची दगडी खोली. वर ओकच्या तुळया, आत घुमटासारखी भट्टी. दर शनिवारी बायका तिथे पाव भाजत. कोणाची पाळी कधी, ते शुक्रवारी संध्याकाळी ठरे. प्रत्येक घराची खूण कोरलेली लाकडी चकती दुधाच्या जुन्या किटलीत टाकायची, किटली हलवायची आणि एकेक काढायची. पहिली पाळी म्हणजे शिक्षाच. आठवडाभर थंड पडलेली भट्टी तापवायची तर जिची पाळी तिचीच लाकडं जळणार, पहाटे तीच उठणार, आणि एवढं करून पहिले पाव खालून करपणारच. मागून येणाऱ्या आयत्या धगीवर भाजून मोकळ्या. गावातल्या बायकांचा एकमेकींवर जीव होता, पण लाकडांच्या बाबतीत कोणी कोणावर विसंबत नसे. म्हणून किटली.

या किटलीतून क्रेसेन्झ माउट्सची चकती पहिली निघालेली वाल्बुर्गाला आठवत नव्हती. स्वतःची मात्र कितीदा निघाली, ते चांगलंच आठवत होतं. 'हिच्या चकतीला कुठेतरी खाच आहे, हाताला कळते,' असं ती एकदा बायकांत बोलली. क्रेसेन्झच्या कानावर ते तासाभरात गेलं. तेव्हापासून दोघींच्या घरांमध्ये भिंत एक आणि बोलणं शून्य. बोलायचंच झालं तर मध्ये तिसरी लागे. "तिला सांग, या आठवड्यात पायऱ्या झाडायची पाळी तिची आहे." "तिला सांग, मला दिसतं."

त्या वसंतात भट्टीघर संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झालं आणि दारावर चकचकीत पाटी लागली. बायकांनी हौसेनं कॉफी केली, केक कापला. पुढच्याच महिन्यात जिल्ह्याच्या वारसा कचेरीतून डॉ. आन्सगार रूले आले. उंच, सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी भट्टीच्या तोंडाच्या दगडावरून असा हात फिरवला की बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्या नवऱ्यांनी असा हात कधी कशावरून फिरवलेला त्यांना आठवत नव्हता.

"येत्या सप्टेंबरात इथला विस्तव बंद करायचा," डॉक्टर म्हणाले. "काजळीनं आणि धगीनं तुळया खराब होतात."

"त्या तुळया माझ्या पणजीच्या आधीपासून धूर खातायत," वाल्बुर्गा म्हणाली.

"म्हणून तर दमल्यात त्या, हेफेलेबाई."

"दमलेय तर मीही, डॉक्टरसाहेब. मला पण काचेत ठेवता का?"

बायका हसल्या. डॉक्टरही हसले. पण हुकूम काही हसला नाही. नगराध्यक्ष झिपरलेंना तर तो फारच आवडला. सप्टेंबरात जुन्या वास्तू लोकांसाठी उघड्या ठेवण्याचा रविवार येतो. तेव्हा फीत कापायची, भट्टीच्या तोंडाला काचेचं दार बसवायचं, आत दिवा लावायचा आणि दिव्याखाली तीन पाव ठेवायचे, प्लास्टरचे. किल्ली अर्थातच नगरपालिकेकडे जमा. प्लास्टरचे पाव आधी येऊन पडले. वाल्बुर्गानं त्यातला एक उचलला, उलटा करून टकटक वाजवला, कान लावला आणि परत ठेवला. "कच्चा आहे," ती म्हणाली.

घरी गेल्यावर मात्र तिनं जेवण केलं नाही. ती एकटी राहायची. मुलगी दूर हाम्बुर्गला. आठवड्यातले सहा दिवस म्हणजे शनिवारची वाट. भट्टी थंड पडली तर या बायका एकमेकींना भेटणार कुठे? सुपरमार्केटच्या रांगेत? आणि आपण कोण उरणार? काचेपुढे उभी राहून शाळेच्या पोरांना 'पूर्वी इथे' असं सांगणारी म्हातारी. तिनं एप्रनमधली किल्ली काढली, पाहिली, परत ठेवली. द्यायची नाही, एवढं ठरलं. कशी, ते ठरायचं होतं.

समारंभाच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी बायका नेहमीसारख्या जमल्या. दारावर नोटीस होती: उद्यापासून विस्तव बंद, जो पेटवील त्याला दंड. काचेचं दार गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेलं होतं. बसवणारा सकाळी येणार होता.

"मी कणीक भिजवून आलेय," वाल्बुर्गा म्हणाली. "उद्या शनिवार आहे. मला दुसरं काही ठाऊक नाही."

"आम्हीही भिजवलीय," कोणीतरी म्हणालं. "पण पेटवणार कोण? दंड तर पेटवणारीलाच."

"मी पेटवते," वाल्बुर्गा म्हणाली.

"का गं, तूच का?" नगराध्यक्षांची बायको झिग्लिंडे फणकारली. "उद्या सगळं गाव म्हणेल, एकट्या वाल्बुर्गानं भट्टी वाचवली. मग आम्ही काय इथे पीठ सांडायला आलो होतो?"

झालं! एकीला मोठेपणा मिळू नये आणि खर्चही कोणी मुद्दाम एकीवर टाकला असं होऊ नये, हे दोन्ही साधायचं तर गावाला एकच वाट ठाऊक होती. कायदा मोडायचा तोसुद्धा पाळीनं. किटली आली. चकत्या पडल्या. झिग्लिंडेनं आपलीही टाकली, वर म्हणाली, "घरी काय सांगायचं ते माझं मी बघीन."

किटली हलली. चकती निघाली. त्या चकतीवर माउट्सांच्या घरची खूण होती.

क्रेसेन्झ जागची हलली नाही. ही बाई दिव्याचं बटण लवकर बंद करायला मिळावं म्हणून संध्याकाळी सातला झोपणारी. दंडाच्या नावानंच तिला घाम फुटणार. वाल्बुर्गानं मनातल्या मनात तिचा नकार लिहूनही टाकला. आता म्हणेल पाठ दुखते, आता म्हणेल कणीक बिघडली.

"तिला सांग," क्रेसेन्झ झिग्लिंडेला म्हणाली, "किल्ली पहाटे चारला लागेल. नुसतं कुलूप काढून ठेव म्हणावं. उगाच मदतीला येऊ नकोस म्हणावं."

पहाटे वाल्बुर्गा मदतीला नाही, पाहायला गेली. क्रेसेन्झनं ढकलगाडीतून लाकडं आणली होती. वाल्बुर्गानं एक ढलपा उचलला, वास घेतला. बीच झाडाची होती, पक्की वाळलेली, हातात हलकी. असली लाकडं ही बाई स्वतःच्या नातवाच्या बारशालाही काढणार नाही.

"नाक काढ बाजूला," क्रेसेन्झ म्हणाली. मध्ये तिसरी कोणी नव्हती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी काच बसवणारा आला आणि बाहेरच उभा राहून जर्दाळूचा केक खाऊ लागला; तो कोणी दिला, हे त्यानं पुढेही कोणाला सांगितलं नाही. मागोमाग डॉ. रूले आले. मग धुराड्यातला धूर पाहून झिपरले धावत आले.

"विझवा!" ते ओरडले. "कोणी पेटवली?"

"मी," क्रेसेन्झ म्हणाली. "किटलीनं काढलं माझं नाव. त्यात माझा काही दोष नाही."

झिपरलेंनी अग्निशमन दलाला फोन लावला. आमच्याकडे दल म्हणजे गावातलेच स्वयंसेवक, आणि त्यांचा म्होरक्या वेंडेलिन माउट्स. भोंगा वाजला. लाल गाडी चर्चला वळसा घालून आली. वेंडेलिन हेल्मेट घालून उतरला, हातात पाण्याचा पाइप. आणि समोर आई, हातात लांब दांड्याचं फावडं.

"आई, बाजूला हो."

"आत पाव आहेत."

"मला हुकूम आहे गं."

"पावसुद्धा तुझेच आहेत, मूर्खा. सोमवारी डब्यात काय नेणार आहेस, हेल्मेट?"

गर्दीत हशा पिकला. झिपरले मात्र लालबुंद झाले होते. "वेंडेलिन! पाणी सोड!"

त्यावर जो माणूस भट्टीच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला, त्याची कोणीच अपेक्षा केली नव्हती. डॉ. रूले.

"खबरदार!" त्या मऊ माणसाचा आवाज चर्चच्या भिंतीवर आपटला. "तापलेल्या घुमटावर गार पाणी? सगळा तडकेल! संरक्षित वास्तू आहे ही! एक थेंब पडला तर पहिली तक्रार मीच करीन, तुमच्यावर!"

वेंडेलिननं पाइप खाली ठेवला. त्याला तेवढंच हवं होतं.

"मग करायचं काय?" झिपरलेंचा आवाज बसला.

"काही नाही. आपोआप गार होऊ द्यायची."

"किती वेळ लागेल?"

डॉक्टरांनी दगडाला हात लावला, पटकन मागे घेतला. "आज नाही. उद्याही नाही. आणि तोवर काच बसवली तर तीही तडकेल."

वाल्बुर्गानं या क्षणाची वाट पाहिली नव्हती, पण आलाय म्हटल्यावर तो वाया घालवणारी ती नव्हती. ती पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे एवढी धग नुसती वाऱ्यावर जाणार? फुकट?"

गर्दी एकदम गंभीर झाली. हुकूम मोडणं वेगळं, दंड भरणं वेगळं. पण तापलेली भट्टी रिकामी ठेवणं? ते पाप करायची लिंडेनवायलरात कोणाची छाती नव्हती. नगराध्यक्षांचीसुद्धा नाही, त्यांच्या आईनं त्यांना आगकाडी उभी चिरून अर्धीच वापरायला शिकवलं होतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत झिग्लिंडे आली. डोक्याच्याही वर धरलेल्या परातीत कांद्याचा खारा केक.

"सरका हो," ती नवऱ्याला म्हणाली. "दुसरी पाळी माझी."

रविवारी फीत कापली गेली. पाहुण्यांनी भट्टीपुढे उभं राहून गरम कांद्याचा केक खाल्ला, वर नवी वाइन प्यायली, आणि झिपरलेंनी 'जिवंत वारसा' या विषयावर असं भाषण केलं की जणू पहाटे लाकडं त्यांनीच वाहिली. भाषण संपल्यावर ते वाल्बुर्गाजवळ आले. हात पुढे केला.

"किल्ली, हेफेलेबाई."

"देते की. भट्टी गार झाली की लगेच."

"केव्हा होईल?"

"डॉक्टरांना विचारा."

डॉ. रूले तोंडातला घास गिळेपर्यंत थांबले. मग त्यांनी वर काळवंडलेल्या तुळयांकडे पाहिलं, खाली भट्टीकडे पाहिलं. हुकूम त्यांच्याच सहीचा होता. त्यांनी दगडावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अजून गरम आहे," ते म्हणाले.

दंडाची नोटीस क्रेसेन्झच्या नावानं आलीच. ती तिनं भट्टीघराच्या खिळ्याला अडकवली आणि खाली किटली ठेवली. ती पैशांनी कशी भरली, हे विचारायला गेलेल्याला तिनं झाडूनं पायऱ्यांवरून खाली लोटलं. काच अजून गोणपाटात आहे. प्लास्टरचा एक पाव दार उघडं राहावं म्हणून खाली लावतात. आता शनिवारी एकदा भाजून भागत नाही. भट्टी गार पडू नये म्हणून बुधवारीही पाळी लागते.

समारंभानंतरच्या पहिल्या शुक्रवारी किटलीतून पहिली चकती निघाली ती वाल्बुर्गाची.

"खाच शोध," क्रेसेन्झ म्हणाली आणि आपली चकती तिच्यापुढे टाकली. वाल्बुर्गानं ती उजेडात धरली, अंगठा फिरवला, कडेकडेनं पुन्हा फिरवला. चकती गुळगुळीत होती.

"लाकडं आहेत का?" क्रेसेन्झनं विचारलं. "की तुझी ती ओली?"

"माझी ओली?" वाल्बुर्गा उसळली, आणि किल्ली खिशात टाकून लाकडं दाखवायला तिला घरी घेऊन गेली.