घरच्यांनी ओतलं

...आणि फरशीवर तेवढं एक गोल उरलं होतं. करड्या कडेचं, मधे ओलसर, बरोबर त्या बरणीच्या बुडाएवढं — आणि ती तोंडात ब्रश तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली, फेस हनुवटीवरून ओघळायला लागला तरी. बरणी कुठाय? बरणी स्वयंपाकघरात, ओट्यावर, उपडी. घासूनपुसून लख्ख, जशी काही ती कधी कशानं भरलेलीच नव्हती. गॅलरीत फिनेलचा वास होता, आणि फिनेलच्या खाली दबलेला दुसरा एक, सडक्या अंड्यांसारखा, भिंतीला चिकटून बसलेला.

कुणी ओतलं?

आई उजाडतानाच कॉलेजला गेलेली. म्हणजे उरलं कोण, तर बाबा — आणि बाबा टेबलाशी बसून चहात बिस्कीट बुडवत होते, जगात काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं.

"बरणी ओतून टाकलीत?"

"वास येत होता गं फार," बाबा म्हणाले. बिस्कीट कपात तुटून पडलं. ते चमच्यानं ते शोधायला लागले.

वास येत होता. बस. तिला वाटलं, ओरडण्याआधी चूळ भरायला हवी, पण चूळ भरून येईपर्यंत हा पहिला, खरा, तापलेला राग थोडा निवेल — म्हणून ती तशीच फेसासकट ओरडली, आणि तिचा एक शब्द बाबांना कळला नसणार.

"दात घास आधी," ते म्हणाले. "मग भांड."

त्या बरणीत आई होती! हे वाक्य तिला शाळेच्या बसमध्ये सुचलं, उशिरा, खिडकीच्या काचेवर कपाळ आपटत असताना. लग्नाआधी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली आई. मग कितीतरी वर्षं रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं लावणारी आई, जी मागच्या नाल्यात जाणारं पाणी रोज तपासायची, रोज त्याला नापास करायची, आणि पाणी जायचं ते जायचंच, लाल असलं तर लाल, निळं असलं तर निळं... ती आई एक दिवस नोकरी सोडून पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली. आत्या म्हणाली होती, "आधी रसायन, आता सांडपाणी. वहिनी, चढती कमान आहे हो तुमची." सगळे हसले. आईसुद्धा. आईच सगळ्यात आधी. ते हसू मला अजून सलतं.

वर्गात सगळी इंजिनियर पोरं, आईच्या निम्म्या वयाची. पाइपातला दाब, पंपाची ताकद, पाण्याचा वेग — त्यांना पाठ आणि आईला नवं. "काकू, केमिस्ट्रीतलं पाणी उताराकडेच जातं ना?" असं एकानं विचारलं होतं, आणि आईनं जेवताना त्याची नक्कल करून दाखवली होती, भुवया उडवून. तेव्हाही आईच हसली. मी नाही.

पण प्रकल्प आईचा होता, एकटीचा, त्या पोरांना सात जन्मांत सुचला नसता असा. रंगाचं पाणी आधी रसायनानं फोडायचं, रंगाचा कणा मोडायचा, आणि उरलेला चुरा सांडपाण्याच्या गाळातल्या जंतूंना खायला घालायचा. अर्धं काम पहिल्या पदवीचं, अर्धं दुसरीचं. तो गाळ शुद्धीकरण केंद्रातून आई स्वतः घेऊन आली होती, मांडीवर धरून, रिक्षातून — तपकिरी, दाट, कुंडीतल्या मातीच्या वासाचा — आणि मग बरणीत काठोकाठ भरून, बुचाला व्हॅसलीन लावून, गच्च दाबून, वर मोत्यासारख्या अक्षरात लेबल. एक बुडबुडा नाही आत. ती बाजूला उभी राहून आईचे हात बघत होती तेव्हा तिला वाटलं होतं, या हातांना कोण हसतो ते बघतेच. उद्या कॉलेजात सरांपुढे प्रयोग मांडायचा होता. आणि बाबांना वास आला.

मधल्या सुट्टीत तिनं हे बाकावरच्या शेजारणीला सांगितलं, मग मागच्या बाकाला, मग नळाशी पाण्याच्या रांगेत ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही. दर वेळी गोष्ट जरा सुधारत गेली. नळापर्यंत पोचता पोचता बाबा शिट्टी वाजवत ओतत होते.

"बिचाऱ्या काकू," शेजारीण म्हणाली.

हा शब्द तिला गोड लागला. चघळत राहावा असा.

विज्ञानाच्या बाईंच्या कानावर गेलंच. "काहीतरी एक धरावं माणसानं," त्या फळा पुसता पुसता म्हणाल्या. "दोन्हीकडे पाय ठेवले की असं होतं."

"बाई, पाय दोनच असतात," ती उभी राहून म्हणाली. "एकाच जागी ठेवून करायचं काय?"

उरलेला तास तिनं वर्गाबाहेर काढला, दोन्ही पायांवर, आणि तो फार छान गेला. राग असा सरळ उभा असला की बरं असतं. पाठीला टेकायला होतो.

संध्याकाळी आई आली. दारात वाकून चपलेचा पट्टा सोडत होती.

"मला कळलं, आई," ती म्हणाली. "बाबांनी ओतलं ते."

आईचा हात थांबला. एक पट्टा सुटलेला, एक तसाच.

"जाऊ दे आता. चहा ठेवतेस?"

जाऊ दे. आईचं लाडकं वाक्य. भिंतीवर लावून ठेवावं, म्हणजे दर वेळी तोंड दुखवायला नको. "जाऊ दे काय? उद्या सकाळी केंद्रात जाऊ, नवा गाळ आणू. मी येते, शाळा बुडवते."

"नको गं. सरांशी बोललेय मी. घाई करू नका म्हणाले, पुढच्या सत्रात बघू." आई आत आली, पर्स ठेवली, उगीच जागेवरचीच उशी नीट केली. "आज पोरंसुद्धा चांगली वागली. कुणी काही बोललं नाही."

"सरांना काय सांगितलंस?"

"हेच. घरच्यांनी ओतून टाकलं म्हणून."

बाबा पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. "घरचे म्हणजे मीच की," ते म्हणाले, थट्टेच्याच सुरात, पण हातातला शर्ट अर्धा घडी, अर्धा लोंबता राहिला. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं उशीकडे बघितलं.

...वास येत होता, एवढंच म्हणाले होते ना ते? ओतलं असं कुठं म्हणाले होते?

"मी ओतलं," आई म्हणाली.

तिनं उशीवरचा हात काढून घेतला.

"हवा लागू नये म्हणून बूच घट्ट लावलं. आयुष्यभर तेच करत आले. रसायन हवेपासून जपायचं असतं. आणि हा गाळ जिवंत, त्याला खालून हवा फुंकत राहावी लागते, नाहीतर गुदमरतो. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पाठ होतं मला. हातानं ऐकलं नाही." आई बोटं बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "पहाटे बघते तर बूच उडालेलं आणि आत सगळं डांबर."

"मग सकाळी मला का नाही सांगितलंत?" हे तिनं बाबांना विचारलं, कारण आईला काय विचारावं ते सुचेना.

"तिचं होतं ते सांगायचं," बाबा म्हणाले, आणि शर्टाची घडी पुरी केली.

"हेच सरांना सांगायचं होतंस!"

"हसले असते." आईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "केमिस्ट्रीवाल्या काकूंनी जंतूंना बूच लावून मारलं म्हणून वर्षभर हसले असते. घरच्यांनी ओतलं म्हटल्यावर कुणी हसलं नाही. पाण्याच्या उताराचं विचारणाऱ्या त्या पोरानं तर आपला डबा पुढे केला."

तिनं तो डबा बघितला, न बघता. ते पुढे झालेले हात, त्या खाली गेलेल्या नजरा, काकूंना घरचं किती असतं ना... आणि आई मधोमध, एक घास घेऊन, बिचारी. आईलाही गोड लागलं होतं. ती चव तिला स्वतःला तोंडपाठ होती. नळापाशी तिनं तीच तर वाटली होती.

पुढचं सत्र म्हणजे कधीच नाही. हे तिघांनाही कळत होतं. पुढच्या सत्रात आणखी काहीतरी घरचं निघेल, आणि मग आणखी, आणि सगळे समजून घेतील, फार समजून घेतील, घेता घेता आईला अलगद दारापर्यंत पोचवतील.

"आत्ता कळव सरांना," ती म्हणाली.

"काय कळवू?"

"जे झालं ते. काळं पडलं ते."

आई खुर्चीत बसली, फोन मांडीवर. काहीतरी लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहायला लागली, थांबत थांबत, अंगठ्यानं.

मी वाकून बघितलं नाही. दिवसभर मी तिच्या बाजूनं चिडले होते — आत्यावर, बाईंवर, त्या पोरांवर, बाबांवर — आणि त्या सगळ्या चिडण्यात आई कुठेतरी खाली बसलेली असायची, मऊ, गप्प, आणि मी उंच उभी, तिच्या वतीनं. आता ती समोर होती. हुशार, घाबरट, खोटं बोललेली. मला तिचा इतका राग आला होता की तिच्या गळ्यात पडावंसं अजिबात वाटत नव्हतं, तिला सोडून खोलीत निघून जावंसंही नाही. भांडावंसं वाटत होतं. कडाकडा, तिला मधे हसू न देता, तिनंही उलट बोलावं आणि मी हरलेही तरी चालेल असं.

मी खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसले.