तरुणांचा तास

डॉक्टरांच्या संघटनेला उतारवयात तरुणांचा पुळका आला. सभेला येणारे सगळे गुडघे धरून यायचे, व्याख्यान सुरू व्हायच्या आत पेंगायचे, आणि तीच चार डोकी आलटूनपालटून अध्यक्ष व्हायची. नवी पोरं फिरकतच नव्हती. तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं, वार्षिक सभेत एक तास तरुणांचा. त्यांनी बोलायचं, ज्येष्ठांनी ऐकायचं.

अध्यक्ष शहरातले सगळ्यात मोठे सर्जन. हात हलका, जिभेवर साखर. पहिला फोन त्यांनी केला तो एका तरुण भूलवालीला. भूल देणाऱ्या डॉक्टरला ना स्वतःचा दवाखाना, ना दारावर पाटी. सर्जनने बोलावलं तर काम, नाहीतर घरी बसून फोनकडे बघायचं. हिने मोठ्या रुग्णालयातली पगारी नोकरी नुकतीच सोडली होती, तीही आईला न विचारता. आई अजून फुगलेलीच होती. पण अध्यक्षांकडच्या बहुतेक केसेस आता हिच्याकडे होत्या आणि गाडी रुळावर येत होती.

"मोकळं बोल हं," अध्यक्ष म्हणाले. "गोडगोड ऐकून आमचे कान किटलेत."

यावरून काय समजायचं ते शहाण्या माणसाला बरोबर समजतं. पण ही हुशार होती, शहाणी नव्हती. आयुष्यभर पहिला नंबर काढणाऱ्यांना वाटत राहतं की विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की मार्क मिळतात.

ती सभेत उभी राहिली आणि ऑपरेशनच्या दोन टेबलांबद्दल बोलली. एका थिएटरमध्ये पेशंटला झोपवायचं, आणि तो झोपेत असतानाच शेजारच्या थिएटरमध्ये जाऊन दुसऱ्याला झोपवायचं, कारण सर्जनला वेळ वाचवायचा असतो. मधल्या वेळात पहिल्याच्या श्वासाकडे बघायला असते फक्त एक सिस्टर. एकदा ती परतली तेव्हा माणसाचे ओठ निळे पडले होते. माणूस वाचला, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. हे थांबवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. नाव तिने कुणाचंच घेतलं नाही, आणि त्याचा तिला अभिमानही वाटला. शेजारशेजारची दोन थिएटरं शहरात एकाच सर्जनकडे आहेत, हे त्या भरात तिच्या डोक्यातच आलं नाही. सभागृहात ते सगळ्यांना माहीत होतं.

पहिली टाळी अध्यक्षांनी वाजवली, उभं राहून. मग सगळ्यांनीच वाजवली. तिला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं, फोटो निघाला. आईने ते टीव्हीशेजारी ठेवलं आणि रुसव्याचा फुगा फुटला एकदाचा.

त्यानंतर फोन वाजायचा थांबला.

कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. रस्त्यात भेटलं की सगळे हसून आईची चौकशी करायचे. अध्यक्षांच्या केसेस एका नव्या भूलवालीकडे गेल्या, आणि अध्यक्षांनी टाकलेल्या माणसाला इतर सर्जन कशाला बोलावतील? ती सकाळी तयार होऊन बसायची, दुपारी कपडे बदलायची. आई आधी विचारायची, मग विचारेनाशी झाली, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. जुन्या रुग्णालयाने जागा भरल्याचं कळवलं. शेवटी लाज गुंडाळून ती अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेली.

त्यांनी चहा मागवला. तू मला मुलीसारखी, काम आणि संघटना मी कधी मिसळत नाही, असं बरंच बोलले. मग म्हणाले, यंदा तरुणांचा तास तूच सांभाळ. कुणीतरी मोकळं बोलणारं शोधून आण.

"कोण कसं आहे ते आधी कळलेलं बरं असतं," ते म्हणाले आणि तिच्याकडे बिस्किटं सरकवली.

आता मात्र ती शहाणी झाली होती. तिने बिस्कीट घेतलं.

शोधायला लांब जावं लागलं नाही. तिच्या जागी आलेली ती नवी भूलवाली भेटताक्षणीच तिला ताई म्हणायला लागली. बिचारीला बोलायला माणूस हवं होतं. दोन टेबलांमध्ये पळताना पहिल्याचा श्वास कोण बघणार, म्हणाली. ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हेच बोल. मोकळेपणाने."

"पण ताई, मागच्या वर्षी तुम्ही बोललात, तेव्हा तुम्हाला कुणी काही म्हटलं नाही?"

"एका शब्दानेही नाही," ताई म्हणाली. "उलट स्मृतिचिन्ह दिलं."

पोरगी बोलली. छान बोलली, हिच्यापेक्षाही छान. पहिली टाळी हिने वाजवली, उभी राहून. अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून वळून हिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

पोरगी स्मृतिचिन्ह छातीशी धरून सगळ्यांचे आभार मानत होती, तेवढ्यात हिचा फोन वाजला. अध्यक्षांच्या दवाखान्यातली सिस्टर होती. उद्या सकाळी सरांच्या दोन केसेस आहेत, एकाच वेळी, दोन्ही थिएटरमध्ये. मॅडमना जमेल का?

"जमेल," ती म्हणाली, आणि आईला कळवायला बाहेर गेली.