बाबा पिंपरीला असतात

ज्योतीराम तीन वर्षं आकुर्डीत राहत होता, पण आकुर्डीचं स्टेशन त्यानं कधी बघितलं नव्हतं. तसं त्यात नवल काही नाही. कंपनीची बस त्याला रात्री हमरस्त्याच्या नाक्यावरून उचलायची आणि सकाळी तिथंच आणून टाकायची. गावी जायचं तर एसटीही नाक्यावरच थांबे. या खेपेला पोरीला एसटी लागते म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईनं रेल्वेनं न्यायला बजावलं होतं. म्हणून कुर्डूवाडीहून पुणे, पुण्याहून लोणावळ्याची लोकल, असं करत दुपारी तीनच्या सुमाराला तो फलाटावर उभा राहिला. एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात रडणारी पोर.

पोर म्हणजे कस्तुरा, त्याची साडेचार वर्षांची एकुलती एक लेक. तिची आई बाळंतपणातच गेली. पोर दीड वर्षाची झाली तेव्हा तिला आपल्या आईच्या, चिमाबाईच्या, ओटीत टाकून ज्योतीराम पिंपरीच्या कंपनीत लागला. राहायचा आकुर्डीत, पण घरचे तो पिंपरीला असतो असंच सांगत. दिवाळीला दोन दिवस जायचं आणि तिसऱ्या दिवशी निघायचं, एवढंच त्याचं बापपण. थोरल्या भावाची तीन पोरं त्याला काका म्हणत, म्हणून कस्तुराही काका म्हणे. एकत्र घरात असं चालतंच. कुणी ते मनावर घेतलं नाही, त्यानंही नाही.

आता पोरीला शाळेत घालायची, म्हातारीलाही इकडंच आणायचं, असं ठरलं होतं. म्हातारी आठ दिवसांनी मागून यायची होती. "मी संगं आले तर ती तुज्याकडं ढुंकूनबी बघायची न्हाई," ती म्हणाली होती. "आठ दिस एकटा ऱ्हा तिच्यासंगं. लागंल सवय." ज्योतीरामनं आठ दिवसांची रजा टाकली आणि आज्जी मागच्या डब्यात आहे असं खोटं सांगून पोरीला गाडीत बसवलं. पुण्यात मागचा डबा रिकामा झाला तसं तिनं जे भोकाड पसरलं, ते अजून मिटलं नव्हतं.

स्टेशनाबाहेर पडला आणि तो जागीच थबकला. समोर प्राधिकरणाची वसाहत होती. म्हणजे त्याचीच. पण ती तो नेहमी हमरस्त्याकडून बघायचा: नाका, मग पिठाची गिरणी, मग डावीकडची तिसरी ओळ. इकडून सगळंच उलटं. सारख्या मापाच्या बैठ्या घरांच्या ओळी, सारखी दारं, सारख्या खिडक्या, सारखा चुना. तीन वर्षांत रात्री निघायचं, सकाळी येऊन झोपायचं, या पलीकडं त्यानं वसाहतीत पाऊल टाकलं नव्हतं. विचारावं तर कुणाला, आणि काय विचारणार? माझं घर कुठं आहे ते सांगता का?

विचारायला तो घाबरत होता, त्याला कारण होतं. त्या साली पोरं पळवणाऱ्यांची हूल उठली होती. कुठल्याशा पुलाच्या पायात पोरं पुरतात म्हणे. कुणी पाहिलं नव्हतं, पण सांगणारा प्रत्येकजण डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगे. महिन्यापूर्वीच नाक्यावर लोकांनी एका धोतरवाल्याला धरलं होतं. त्याच्या खांद्यावरचं पोर रडत होतं आणि तो एकच वाक्य घोळवत होता, पोर माझंच हाय. नेमकी तेव्हाच कंपनीची बस येऊन थांबली होती. बसची वाट बघणारे सगळे धावले, त्यात ज्योतीरामही धावला आणि त्यानंही दोन लगावल्या. मग बस सुटेल म्हणून पळत येऊन खिडकीची जागा धरली. त्या माणसाचं पुढं काय झालं ते त्यानं कुणाला विचारलं नाही.

आज त्याच्या खांद्यावर पोर रडत होतं आणि खिडक्यांतून बायका बघत होत्या. "गप ए बाय, गप," तो म्हणाला, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा त्याचा चढला. पोर आणखी किंचाळली. एका दारातली बाई आत गेली आणि दुसरीला घेऊन बाहेर आली. तो झपाझप चालू लागला. चालल्यामुळं आपण पळतोय असं दिसेल हे लक्षात आल्यावर तो हळू झाला, आणि हळू झाल्यावर ते जास्तच संशयाचं वाटलं. एकदाचं घरात शिरावं आणि दार लावून घ्यावं, एवढंच त्याला कळत होतं.

तिसरी ओळ आली. शेवटून दुसरं दार, तेच गंजलेलं कडी-कोयंड्याचं. त्यानं ट्रंक खाली ठेवली, किल्ली काढली आणि कुलूप धरलं. किल्ली फिरेना. उलटी घातली, सुलटी घातली. तेवढ्यात पुढच्या दाराला कुलूप लावून मागं परसात काम करणारी त्या घराची मालकीण पुढं आली. पद्मा तिचं नाव, हे त्याला नंतर कळलं. आपल्या कुलपाशी झोंबणारा परका बाप्या आणि त्याच्या काखेत ऊर फुटेस्तोवर रडणारी पोर बघून तिनं जी हाक मारली, ती चारी ओळींत गेली.

पहिली शिफ्ट सुटायची वेळ होती. माणसं सायकलींवरून उतरलीच ती गर्दीत. बघता बघता वीस-पंचवीस जण जमले. जयसिंग नावाच्या एका दांडग्या गड्यानं ज्योतीरामची कॉलर धरली आणि पोर त्याच्या हातातून काढून पद्माकडं दिली. ज्योतीराम सांगत होता की मी इथंच राहतो, चौदा नंबरला, पोर माझीच आहे. त्याचं ततपप झालं होतं. जयसिंग म्हणाला, हा चौदा नंबर नाही, आणि तुला इथं तीन वर्षांत कुणी पाहिलंय का ते तरी सांग. ज्योतीरामनं एकेक तोंड निरखलं. एकही ओळखीचं नव्हतं.

"पोरीलाच विचारा की," कुणीतरी म्हणालं.

पद्मा पोरीला कडेवर घेऊन गोड आवाजात विचारू लागली. तुझं नाव काय? कस्तुरा. आणि हे कोण गं?

"काका," कस्तुरा हुंदका आवरत म्हणाली.

"आणि तुजे बाबा?"

"बाबा पिंपरीला असत्यात. कंपनीत." घरी पाहुण्यांपुढं शिकवून ठेवलेलं ती घडाघडा बोलली. "ह्यानं मला फशिवलं. आज्जी मागच्या डब्यात न्हवतीच."

मग कशाचीच गरज राहिली नाही. मागून कुणाचा तरी हात आला आणि ज्योतीरामच्या कानशिलात बसला. दुसऱ्या फटक्याला ओठ फुटला. आता काय होणार हे त्याला पाठ होतं. पुढचे विचारतात आणि मागचे मारतात. मागच्यांना काय विचारलं ते ऐकूच येत नाही. आपण नाक्यावर मागंच होतो. त्यानं हात जोडले आणि जमिनीवर बसून तो ओरडू लागला, "पोर माजीच हाय वो. माये, माजीच हाय." आपण त्या धोतरवाल्याचंच वाक्य बोलतोय हे कळलं आणि त्याची उरलीसुरली आशा गेली. आपण तरी कुठं ऐकलं होतं?

"थांबा रं. मारू नगा," एक म्हातारी गर्दीत शिरली. तिला वसाहतीत सगळे ओळखत. मंजुळाबाई, इथल्याच मूळ गावातली. "ह्यो आवाज माज्या वळखीचा हाय."

ती ज्योतीरामसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या तोंडाकडं न बघता कान पुढं करून म्हणाली, "सकाळच्या पारी स्टो पेटंना झाला की काय म्हनतोस रं?"

ज्योतीरामला आधी काही उमगेना. रक्ताची चूळ थुंकून तो कसाबसा बोलला, "पेट की गं माये... उपाशी मारतीस का."

"ह्यो आमच्या भिंतीपल्याडचा," मंजुळाबाई उठून म्हणाली. "तीन वर्सं झाली, तोंड न्हाई बघितलं, पर रोज सकाळी त्या स्टोच्या विनवण्या ऐकतीया. चौदा नंबर पल्याडच्या वळीत हाय, बाबांनो. ह्यो टेशनाकडनं मोजत आला."

गर्दी हसली. इतक्या लवकर हसली की ज्योतीरामच्या अंगावर काटा आला. जयसिंगनं त्याला उठवून कपडे झटकले, दिवसच असे आहेत, राग मानू नका राव, असं म्हणून ट्रंक उचलली. चौदा नंबरला किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली. मंजुळाबाई हळद आणते म्हणून गेली, बाकीचे चहाला गेले, आणि खोलीत दोघंच उरली.

दोघंच म्हणजे ज्योतीराम आत आणि कस्तुरा उंबऱ्याबाहेर. ती आत येईना. रडं थांबलं होतं. फुटलेल्या ओठाकडं ती टक लावून बघत होती. त्याची लोकांची भीती गेली होती. आता त्याला या एवढ्याशा पोरीची भीती वाटत होती.

"काका," ती म्हणाली, "ही पिंपरी का?"

"व्हय. हीच."

"मग बाबा कुटं हाईत?"

पंचवीस माणसांपुढं घसा फोडून सांगितलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं. तिनं आताही काकाच म्हटलं तर? गर्दीत मंजुळाबाई होती. इथं पोरीची समजूत घालायला कोण येणार? त्यानं ओठ पुसला.

"येतील," तो म्हणाला. "शिफ्ट सुटली की येतील."

कस्तुरानं मान डोलावली आणि बाबांची वाट बघत ती उंबऱ्यावर बसली. थोडी जागा ठेवून तोही तिच्या शेजारी बसला.